तंत्रज्ञान विषयाचा नवशिक्षक : राजारामपुरी परिसराच्या संदर्भात एक विवेचन

शिक्षकी पेशात नव्याने शिरणारा मनुष्य वर्गात रिकाम्या हातांनी जात नाही. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी १९७५ साली शाळाशिक्षकांच्या पेशाविषयी जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात या गोष्टीचा त्यांनी फार मार्मिक विचार केला आहे. शालेय शिक्षण पुरे होईपर्यंत विद्यार्थ्याने सुमारे १३,००० तास शिक्षकांच्या प्रत्यक्ष सहवासात काढलेले असतात, असा त्यांचा हिशेब आहे. वकील होऊ पाहणाऱ्या तरुणाने वकिलाचे काम क्वचितच जवळून पाहिलेले असते. शिक्षक होऊ पाहणाऱ्याने मात्र शिकविणे म्हणजे काय हे बाकावर बसून दहाबारा वर्षे न्याहाळलेले असते. या प्रकाराला लॉर्टी यांनी निरीक्षणाची उमेदवारी असे नाव दिले. ही उमेदवारी सदोष असते, कारण बाकावरच्या मुलाला शिक्षकाचे बोलणे दिसते, त्यामागचा विचार दिसत नाही. तथापि सदोष असली तरी ती असते. गणिताच्या नवशिक्षकाची प्रशिक्षण महाविद्यालयात तयार केलेली टाचणे पहिल्या आठवड्यातच अपुरी पडतात. मग तो नकळत आपल्या जुन्या गणिताच्या मास्तरांसारखा फळ्याशी उभा राहतो आणि तास निभावून नेतो.

तंत्रज्ञान विषयाच्या नवशिक्षकाला नेमकी हीच सोय नसते. त्याच्या अडचणींची चर्चा बहुधा यंत्रसामग्रीच्या अभावापाशी सुरू होते आणि तेथेच संपते. वस्तुतः त्याची मुख्य उणीव स्मरणाची आहे. आज पंचविशीतला जो तरुण हा विषय शिकवावयास उभा राहतो, त्याने स्वतः शाळेत असताना हा विषय नीट शिकविला जात असलेला फारसा पाहिलेला नसतो. त्याच्या स्मरणात एक तर कुलूपबंद संगणककक्ष असतो, नाही तर संगणकाच्या भागांची नावे व व्याख्या उतरवून घेतलेली वही असते. अनुकरण करण्याजोगा नमुनाच नसल्यामुळे तो जवळ सापडेल तो नमुना उचलतो, आणि तो नमुना सामान्यतः इतिहास-भूगोलाच्या तासाचा असतो. प्रयोगाचा विषय अशा रीतीने पाठांतराचा होऊन बसतो.

येथे तंत्रज्ञान हा शब्द संगणकापुरता मर्यादित अर्थाने घेतलेला नाही. गरज ओळखणे, तिच्यासाठी साधन योजणे, ते करून पाहणे, ते का बिघडले हे शोधणे आणि सुधारणे, ही सारी क्रिया ज्या विषयात येते तो विषय, असा अर्थ अभिप्रेत आहे. मग ते साधन लाकडाचे असो, बिडाचे असो की संगणकाला दिलेल्या आज्ञांचे असो.

राजारामपुरीचा परिसर या प्रश्नाच्या अभ्यासास विशेष सोयीचा आहे. राजाराम महाराजांच्या नावाने वसलेली, क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्यांची ही वसाहत कोल्हापुरात शाळा, शिकवण्या आणि पुस्तकांची दुकाने यांसाठी प्रसिद्ध आहे. १९६२ साली स्थापन झालेले शिवाजी विद्यापीठ येथून फार दूर नाही. आणि अगदी लगत शिवाजी उद्यमनगर आहे. तेथे लेथ, ओतकाम, वेल्डिंग आणि फर्मे घडविण्याचे काम पिढ्यान्पिढ्या चालत आले आहे. ऊस गाळण्याचे चरक व तेलावर चालणारी इंजिने यांपासून सुरू झालेली कोल्हापूरची ही कारागिरी आज मोटारगाड्यांच्या ओतीव सुट्या भागांपर्यंत पोहोचली आहे. पुस्तकी विद्या आणि हातची विद्या यांच्यामध्ये येथे पायी चालून जाता येईल इतकेच अंतर आहे. पण शालेय वेळापत्रकात हे अंतर ओलांडण्याची तरतूद सहसा आढळत नाही.

या वसाहतीतील एखाद्या अनुदानित माध्यमिक शाळेत नेमला गेलेला नवशिक्षक कोणत्या परिस्थितीत कामास लागतो, हे प्रथम पाहिले पाहिजे. महाराष्ट्रात २००० सालापासून नवा शिक्षक पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून मानधनावर काम करतो. २०२३ साली हे मानधन प्राथमिक स्तरावर दरमहा १६,००० रुपये, माध्यमिक स्तरावर १८,००० आणि उच्च माध्यमिक स्तरावर २०,००० असे वाढविण्यात आले. तत्पूर्वी ते याच्या निम्म्याहूनही कमी होते. शिकण्याची आणि चुकण्याची जी वर्षे, तीच आर्थिक ओढगस्तीचीही वर्षे ठरतात. त्यात तंत्रज्ञानाचा शिक्षक म्हणजे शाळेतील यच्चयावत विद्युत्साधनांचा रखवालदार असा समज सर्वत्र रूढ आहे. मुख्याध्यापकांच्या कचेरीतील छापयंत्र अडले, संचमान्यतेची माहिती संकेतस्थळावर भरावयाची आली, स्नेहसंमेलनातील ध्वनिक्षेपक खरखरला, की वर्ग सोडून त्याला बोलावणे येते. सहकाऱ्यांत त्याला मान मिळतो, पण तो दुरुस्ती करणाऱ्याचा, शिक्षकाचा नव्हे.

संगणककक्षाला कुलूप का असते, याचा विचार क्वचितच केला जातो. शाळेतील प्रत्येक टिकाऊ वस्तू जड वस्तू नोंदवहीत चढलेली असते. ती हरवली वा मोडली तर जबाबदारी मुख्याध्यापकांची. ती वापराविना पडून राहिली तर जबाबदारी कोणाचीच नाही. अशा व्यवस्थेत कुलूप हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो. यास मुख्याध्यापकांचा कोतेपणा म्हणणे अन्यायाचे होईल. यंत्र बिघडणे हा या विषयाच्या शिक्षणाचा अपरिहार्य भाग आहे, हे त्या नोंदवहीच्या रकान्यांना मान्य नाही, एवढाच त्याचा अर्थ.

सरकारी योजनांचा अनुभवही या संदर्भात ध्यानात घेण्याजोगा आहे. शाळांतून माहिती व संप्रेषण तंत्रज्ञान पोहोचविण्याची केंद्र सरकारची योजना २००४ साली सुरू झाली. महाराष्ट्रात तिची अंमलबजावणी मुख्यतः अशी झाली की, कंत्राटदाराने शाळेत संगणककक्ष उभारावा, ठराविक मुदतीपर्यंत तो चालवावा आणि नंतर शाळेच्या स्वाधीन करावा. शिकविण्यासाठी जे निदेशक आले तेही त्याच कंत्राटावर, अल्प मानधनावर आले. मुदत संपली तेव्हा यंत्रे शाळेकडे राहिली आणि शिकविणारे गेले. चारपाच वर्षांत त्यांनी जे काही अनुभवाने साठविले होते (कोणता पाठ रंगतो, कोठे मुले अडतात, चाळीस मुलांना दहा यंत्रांवर कसे बसवावे) ते त्यांच्याबरोबरच निघून गेले. यंत्रांची यादी करता येते. अनुभवाची करता आली असती, पण ती कोणी केली नाही.

नवशिक्षकांच्या पहिल्या वर्षांचे पाश्चात्त्य देशांत बरेच संशोधन झालेले आहे. टेक्सास विद्यापीठातील फ्रान्सिस फुलर यांनी १९६९ साली असे प्रतिपादन केले की, शिक्षकाच्या चिंतांना एक क्रम असतो. आरंभी तो स्वतःविषयी चिंतित असतो : आपला निभाव लागेल काय, मुले आपले ऐकतील काय. पुढे चिंता कामाकडे वळते आणि बऱ्याच काळाने ती विद्यार्थ्यांकडे, म्हणजे मुले खरोखर काय शिकली याकडे वळते. हॉलंडमधील सायमन वीनमन यांनी १९८४ साली ८३ अभ्यासांचा धांडोळा घेऊन नवशिक्षकांच्या अडचणींचा क्रम लावला. त्यात वर्गातील शिस्त प्रथम आली. तिच्या पाठोपाठ मुलांत आस्था उत्पन्न करणे, त्यांच्यातील व्यक्तिभेद सांभाळणे आणि त्यांच्या कामाचे मूल्यमापन करणे या अडचणी आल्या. साहित्याची कमतरता यादीत आहे, पण ती या सर्वांच्या खाली आहे. आपल्याकडे साहित्याच्या तुटवड्याचे जे एकमुखी गाऱ्हाणे ऐकू येते, ते या क्रमाशी ताडून पाहिले पाहिजे. अर्थात् परदेशातील शाळा आणि आपल्या शाळा यांची संपन्नता एकसारखी नाही, हे खरे. तरीही भरपूर यंत्रे मिळालेल्या आपल्या शाळांतही तास निर्जीव राहिल्याची उदाहरणे विरळा नाहीत, हेही तितकेच खरे आहे.

फुलर यांच्या क्रमात तंत्रज्ञानाच्या शिक्षकाला एक जादा पायरी चढावी लागते. भाषेच्या शिक्षकाला वर्गात पुस्तक दगा देत नाही. याचे साधन मात्र ऐन वेळी बंद पडते, आणि तेही सर्वांच्या देखत. अशा प्रसंगी नवशिक्षकाची पहिली प्रवृत्ती दोष झाकण्याची असते. तो यंत्र बाजूला सारून व्याख्या सांगू लागतो. वस्तुतः बंद पडलेले यंत्र हाच त्या दिवसाचा उत्तम पाठ असतो. वीजपुरवठा येथपर्यंत येतो का, येथून पुढे जातो का, असे टप्प्याटप्प्याने दोष शोधत जाणे हे या विषयाचे हृदयच म्हटले पाहिजे. परंतु ‘मलाही ठाऊक नाही, आपण शोधू’ असे चाळीस मुलांसमोर म्हणावयास जे स्वास्थ्य लागते, ते पहिल्या वर्षाच्या शिक्षकाजवळ नसते. त्याने आपल्या गुरूला तसे म्हणताना कधी ऐकलेले नसते.

शाळेत हाताच्या कामाला स्थान देण्याचे प्रयत्न आपल्याकडे पूर्वीही झाले. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेतून निघालेली मूलोद्योगी शिक्षणाची योजना सर्वांना परिचित आहे. पुढे १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने कार्यानुभव ही कल्पना मांडली. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर जिल्ह्यातील बहिरेवाडीचे, आणि गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत सहभागी झालेले. त्यांच्या मनातील कार्यानुभव आणि आपल्या शाळांत रुजलेला कार्यानुभव यांत मोठेच अंतर पडले. काड्यापेट्यांचे घर, पुठ्ठ्याचा कंदील, आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी बाजारातून आणलेली तोरणे असे त्याचे स्वरूप झाले. याचे कारण शोधू गेल्यास असे दिसते की, त्या वस्तूंची कोणालाच गरज नव्हती. ज्या वस्तूची कोणाला गरज नाही ती वाईट झाली तरी चालते. आणि जी वाईट झाली तरी चालते तिच्यातून काही शिकता येत नाही.

गरजेचे हे सूत्र ज्यांनी नेमके हेरले त्यांत डॉ. श्रीनाथ कलबाग यांचे स्थान फार वरचे आहे. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठातून अन्नतंत्रज्ञानात डॉक्टरेट मिळवून आणि मुंबईत हिंदुस्थान लीव्हरच्या संशोधनशाळेत दीर्घकाळ काम करून त्यांनी १९८३ साली पुणे जिल्ह्यातील पाबळ या अवर्षणग्रस्त गावी विज्ञान आश्रम सुरू केला. २००३ साली त्यांचे निधन झाले. आठवी ते दहावीच्या मुलांसाठी त्यांनी आखलेल्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमाला पुढे राज्यात मान्यता मिळाली. आठवड्यातला एक दिवस हाताच्या कामाला, आणि त्यात अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, गृह व आरोग्य, शेती व पशुपालन असे चार विभाग, अशी त्याची रचना आहे. मुलगा असो वा मुलगी, चारही विभाग सर्वांना. शिकविणारे निदेशक शक्यतो त्याच परिसरातील कुशल माणसे. आणि या सर्वांहून महत्त्वाची अट ही की, मुलांनी करावयाची कामे शाळेच्या व गावाच्या खऱ्याखुऱ्या उपयोगाची असावीत. शाळेच्या बाकाचा पाय जोडावयाचा आहे, गावकऱ्याच्या विहिरीची जागा ठरविण्यासाठी जमिनीचा विद्युत्-रोध मोजावयाचा आहे, अशा कामात चूक झाली तर ती लपत नाही. ज्याचे काम आहे तो माणूस समोर उभा असतो. गुणपत्रिकेपेक्षा त्याचे मत अधिक परखड असते.

दुसरे उदाहरण सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे. रणजितसिंह डिसले हे अभियांत्रिकीचे शिक्षण अर्ध्यावर सोडून शिक्षकी पेशात आले आणि २००९ साली तेथे रुजू झाले. शाळेची इमारत मोडकळीस आलेली, तिच्या एका अंगाला गुरांचा गोठा, आणि मुलांच्या, विशेषतः मुलींच्या, हजेरीची अवस्था शोचनीय. त्यांनी पाठ्यपुस्तकांच्या पानांवर संकेतचौकटी, म्हणजे क्यूआर कोड, चिकटविले. घरातल्या माणसाने मोबाइल त्या चौकटीवर धरला की कविता ऐकू यावी, पाठाचे चित्रण दिसावे, अशी ती योजना होती. २०१७ साली राज्य सरकारने पाठ्यपुस्तकांत अशा चौकटी छापण्याचे धोरण स्वीकारले. २०२० सालच्या डिसेंबरात डिसले यांना जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला आणि त्याच्या दहा लक्ष डॉलरांपैकी निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटली. या पुरस्काराचा गाजावाजा पुष्कळ झाला, पण त्यापूर्वीच्या अकरा वर्षांकडे तितकेसे लक्ष गेले नाही. त्यांनी योजलेले तंत्र काही अपूर्व नव्हते. दुकानातील मालावर तशा खुणा जगभर वापरात होत्या. नवी होती ती जुळणी : मूल शाळेत येत नाही, पण पुस्तक व मोबाइल घरात आहे, ही गाठ त्यांनी पाहिली. येथेही आधी गरज आणि मग साधन असाच क्रम दिसतो. उलट क्रमाने गेलेल्या शाळांत, म्हणजे जेथे आधी यंत्र आले आणि मग त्याचा उपयोग शोधावा लागला तेथे, ते यंत्र भिंतीची शोभा होऊन राहिले.

हे दोन्ही दाखले खेड्यांतील आहेत. खेड्यात गरज शाळेच्या दाराशी येऊन उभी असते. शहरातील वसाहतीत ती शोधावी लागते. राजारामपुरीतील नवशिक्षकाने ती कोठे शोधावी, याचा आता काही पाठांच्या आधारे विचार करता येईल.

उद्यमनगरातील फर्मा घडविणाऱ्या कारागिराचे उदाहरण घ्यावे. बिडाची वस्तू ओतावयाची तर आधी तिची लाकडी वा धातूची प्रतिकृती करून तिच्या साहाय्याने वाळूत साचा उठवावा लागतो. तप्त बीड थंड होताना लांबीत सुमारे एक टक्का आकसते. म्हणून फर्मा हा मूळ वस्तूहून किंचित् मोठा हवा. ३०० मिलिमीटरची वस्तू हवी तर फर्मा किती लांबीचा करावा, हा प्रश्न आठवीच्या वर्गाला घातला तर बहुतेक मुले ३०३ असे उत्तर देतील. मग ३०३ चा एक टक्का काढून उणे करावयास सांगावे. उत्तर २९९.९७ येते, ३०० येत नाही. एक टक्का, पण कशाचा? शतमानाचे जे मर्म गणिताच्या पुस्तकात वर्षभर सापडत नाही ते येथे तीन शतांश मिलिमीटरच्या फटीतून डोके वर काढते. कारागीर हा हिशेब करीत बसत नाही. त्याच्याजवळ आकुंचन धरून आखलेली वेगळी पट्टी असते. तिच्यावरचे अंतर आधीच वाढविलेले असते. ती पट्टी साध्या पट्टीशेजारी ठेवून मुलांना नुसती पाहू द्यावी. दोन पट्ट्यांवर एकच आकडा आणि लांबी मात्र भिन्न, हे पाहून मुले जे प्रश्न विचारतात तोच पाठाचा आरंभ. वर्गात बिडाचा रस आणणे शक्य नाही व इष्टही नाही. त्याऐवजी शिक्षकाने उकळत्या पाण्याच्या भांड्यात ठेवून वितळविलेले मेण स्वतः ओलसर वाळूच्या साच्यात ओतावे. मेणाचे आकसणे बिडाहून कितीतरी अधिक असल्यामुळे मध्यभागी पडणारा खळगा डोळ्यांनी दिसतो व मोजता येतो.

दुसरी गरज नदीची आहे. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यापाशी मोजतात. ३९ फूट ही इशाऱ्याची आणि ४३ फूट ही धोक्याची पातळी, हे आकडे कोल्हापुरातील लहान मुलालाही पाठ असतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या पुढे गेले आणि २०२१ च्या जुलैत पुन्हा महापूर आला. राजारामपुरी उंचावर असली तरी तिच्या शाळांत नदीकाठच्या गल्ल्यांतील नातेवाईक असलेली मुले असतातच. पावसाळ्यात रोजची पातळी वहीत मांडणे, तिचा आलेख काढणे आणि मग एक तरंगता गोळा, एक कळ व एक घंटी जोडून पाण्याच्या पातळीचा इशारा देणारे साधन बनविणे, हा पाठ महिनाभर पुरेल. साधन तयार झाल्यावर खरा प्रश्न उभा राहतो : घंटी कोणत्या आकड्याला वाजावी? काही मुले ३९ म्हणतील. एखादे मूल असे म्हणेल की, ३८ फूट असून दर तासाला अर्धा फूट चढत असेल तर घंटी आताच वाजली पाहिजे, आणि ४० असून उतरत असेल तर नाही. ‘जर’ आणि ‘तर’ या दोन शब्दांवर संगणकाची सारी आज्ञावली उभी आहे. ती शिकविण्यास याहून सरळ वाट सापडणे कठीण. या पाठाला एकही संगणक लागत नाही. असल्यास उत्तमच. पुनरावृत्तीची कल्पना देण्यासाठी तर लेझीमही पुरते : चार ठेके लिहून काढावे, ‘हे आठ वेळा’ असे पुढे मांडावे, आणि एका मुलाने वाचावे, दुसऱ्याने केवळ लिहिले आहे तितकेच करावे. लिहिण्यातील चूक पायांत दिसते.

उद्यमनगराची मदत घेताना एक भ्रम मात्र टाळला पाहिजे. कुशल कारागीर म्हणजे आयता शिक्षक, असे नव्हे. मायकेल पोलानी या विचारवंताने दाखविल्याप्रमाणे माणसाला जेवढे सांगता येते त्याहून त्याला अधिक ठाऊक असते. लेथवरचा मिस्त्री आवाजावरून धार गेल्याचे ओळखतो. कसे ओळखले असे विचारले तर ‘कळतंय की’ एवढेच उत्तर देतो. कार्यशाळेत नवखा पोरगा वर्षानुवर्षे पाहून ते आत्मसात करतो. शाळेजवळ वर्षे नाहीत, दोन तासिका आहेत. कारागिराच्या अबोल ज्ञानाला शब्द, क्रम आणि प्रश्न देणे हेच शिक्षकाचे खास काम होय. ली शुल्मन यांनी १९८६ साली विषयाचे ज्ञान आणि तो शिकविण्याचे ज्ञान यांत जो भेद केला, आणि २००६ साली पुण्य मिश्र व मॅथ्यू कोहलर यांनी त्यात तंत्रज्ञानाचे जे तिसरे अंग जोडले, त्याचा व्यवहारातील अर्थ हाच आहे. बी.एड. झालेल्या तरुणाजवळ मांडणी आहे, हात नाही. मिस्त्रीजवळ हात आहे, मांडणी नाही. म्हणून मुलांना कार्यशाळेत नेण्यापूर्वी शिक्षकाने स्वतः तेथे काही दिवस उमेदवार होऊन बसावे, हे बरे. त्याच्या शाळेने त्याला जी निरीक्षणाची उमेदवारी दिली नाही ती त्याला येथे मिळू शकते.

कोल्हापूरला हे सांगावे लागावे, हे थोडे चमत्कारिकच आहे. आनंदराव पेंटर यांनी आरंभिलेला आणि १९१६ साली त्यांच्या निधनानंतर बाबूराव पेंटर यांनी १९१८ पर्यंत पुरा केलेला देशी बनावटीचा चलच्चित्र कॅमेरा याच नगरीत तयार झाला. कोणत्याही तंत्रविद्यालयाने त्यांना तो शिकविला नव्हता. पण असामान्य माणसांच्या उदाहरणावर शाळेचा अभ्यासक्रम उभारता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे शिकण्याची शिफारस केली आहे. राजारामपुरीतील शाळांना ही सोय दाराशी आहे. परंतु तिची सहल होण्याची भीती मोठी आहे : चाळीस मुले ओळीने भट्टीपुढून जातात, छायाचित्र निघते, अहवाल जातो. त्यापेक्षा सहासहा मुलांचे गट, प्रत्येकाजवळ एकच प्रश्न, आणि तो प्रश्न वर्गात अडलेल्या कामातून निघालेला, अशी योजना अधिक फलदायी ठरेल. मुलांनी तेथे काम करावयाचे नाही, पाहावयाचे आणि विचारावयाचे आहे. बालमजुरीच्या कायद्याचीच नव्हे तर साध्या विवेकाचीही ती मर्यादा आहे. मुलींच्या बाबतीत शिक्षकाला जागरूक राहावे लागेल. कार्यशाळांचे जग बव्हंशी पुरुषांचे असल्याने मुली मागे उभ्या राहतात आणि टिपणे काढण्याचे काम त्यांच्याकडे येते. पाबळच्या अभ्यासक्रमात वेल्डिंग मुलींनाही आणि स्वयंपाक मुलांनाही सक्तीचा असण्याचे महत्त्व अशा ठिकाणी कळते.

मूल्यमापनाचा प्रश्न अधिक अवघड आहे, कारण ज्या विषयाला शालान्त परीक्षेत वजन नाही त्याला राजारामपुरीसारख्या शिकवणीप्रधान वसाहतीत पालकांच्या लेखीही वजन नसते. दहावीच्या वर्षी हे तास गणित-विज्ञानाला दिले जातात व नवशिक्षक ते मुकाट्याने देतो. शिक्षणसेवकाला नाही म्हणता येत नाही. जोडून दोन तासिका मिळविणे, एवढी एकच मागणी त्याने पहिल्या वर्षी लावून धरावी; पस्तीस मिनिटांत साहित्य काढून पुन्हा आवरण्यापलीकडे काही होत नाही. वस्तूच्या सुबकपणाला गुण देण्याऐवजी पहिल्या आणि तिसऱ्या प्रयत्नांतील फरकाला गुण द्यावे. त्यासाठी मुलांनी फसलेले नमुने टाकून न देता जपून ठेवले पाहिजेत, आणि ते ठेवावयास एक कपाट लागते.

त्याच कपाटात शिक्षकाने स्वतःचीही एक वही ठेवावी. जड वस्तू नोंदवहीत संगणक किती, खुर्च्या किती, हे असतेच. या वहीत कोणत्या दिवशी कोणता पाठ घेतला, यंत्र कोठे अडले, ते कोणत्या मुलाने चालू केले, मेण किती लागले, कोणत्या मिस्त्रीने सकाळी वेळ दिला आणि कोणता प्रश्न अनुत्तरित राहिला, हे तारीखवार लिहिलेले असावे. शिक्षणसेवकाची तीन वर्षे संपून त्याची बदली झाली, वा तो पेशा सोडून गेला, तर त्याच्या जागी येणाऱ्या नवशिक्षकाच्या हाती कार्यभार देताना दोन्ही वह्यांवर सही घ्यावी.